खारपाणपट्ट्याची एकी वान धरणापाशी का अडते?

१९३० च्या एप्रिलमध्ये गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मीठ उचललं, तेव्हा वऱ्हाडातल्या सत्याग्रहींपुढे वेगळीच अडचण होती. मिठाचा कायदा मोडायचा खरा, पण समुद्र आणायचा कुठून? ती अडचण अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याच्या विहिरींनी सोडवली. त्यांचं पाणी आटवलं की खाली मीठ उरायचं. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, कपाशीच्या काळ्या रानात, विहिरीच्या पाण्यापासून मीठ करून वऱ्हाडानं इंग्रजांचा कायदा मोडला.

त्या सत्याग्रहाचा अभिमान जिल्ह्यात आजही सांगितला जातो आणि तो रास्तच आहे. मात्र ज्या पाण्याचं मीठ होतं, तेच पाणी या पट्ट्यातली माणसं आणि जनावरं पिढ्यान्‌पिढ्या पीत आली, हे त्या अभिमानाच्या ओघात मागे राहतं.

पूर्णा नदीच्या दोन्ही तीरांवर, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या भागाला वऱ्हाडात खारपाणपट्टा म्हणतात. राज्यात बहुतेक ठिकाणी विहीर खणली की थोड्याच खोलीवर काळा पाषाण लागतो. पूर्णेच्या खचदरीत मात्र गाळाचे शेकडो मीटर जाडीचे थर साचले आहेत. उतार फार कमी, चिकणमाती दाट, त्यामुळे मुरलेलं पाणी वाहून जायला वाट नाही. ते जागीच अडकतं, जमिनीतले क्षार त्यात विरघळतात आणि उन्हाळ्यागणिक साठत जातात. जागतिक बँकेच्या मदतीनं २०१८ मध्ये सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात याच पट्ट्यातली ९३२ गावं स्वतंत्रपणे धरली गेली होती. दुष्काळी गावांच्या यादीत त्यांना नुसतं मिसळून चालणार नव्हतं, कारण इथं पाणी आहे. ते वापरता येत नाही, हीच अडचण आहे. विहिरीचं पाणी पिकाला दिलं तर त्यातल्या सोडियमनं काळी माती दगडासारखी घट्ट होते, म्हणून दारात विहीर असूनही शेत कोरडवाहू राहतं. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातले संशोधक अनेक वर्षं शेततळ्यांचा आणि पावसाचं पाणी रानातच अडवण्याचा आग्रह धरतात, तो यासाठीच.

बाळापूर तालुक्याचा मोठा भाग या पट्ट्यात येतो. राष्ट्रीय महामार्गावरून जाणाऱ्याला बाळापूर माहीत असतं ते मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावरच्या किल्ल्यासाठी आणि मिर्झाराजे जयसिंगाच्या छत्रीसाठी. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा यानं काम सुरू केलेला हा किल्ला १७५७ मध्ये एलिचपूरचा नबाब इस्माईलखान यानं पुरा केला. तटावर उभं राहिलं की चहूबाजूंचा मुलूख नजरेत येतो, शत्रू लांबूनच दिसावा अशी ती जागा. तालुक्यातल्या गावांवर आज आलेलं संकट मात्र कुठल्याच बुरुजावरून दिसत नाही. ते हापशीतून आणि बोअरमधून घरात येतं, आणि रोजचं असल्यानं कुणी त्याला संकट म्हणतही नाही.

खारटपणा जिभेला कळतो, मग धोका छुपा कसा, असा प्रश्न इथं कुणीही विचारेल. पाणी मचूळ आहे हे पाहुण्यालासुद्धा पहिल्या घोटातच समजतं. भांड्यावर पांढरा थर चढतो आणि सोयरीक जमवताना मुलीकडचे आधी पाण्याचीच चौकशी करतात. पण जीभ जे सांगते ते अपुरं आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१२ च्या निकषानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेले एकूण क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावं. हजार, दीड हजार आणि दोन हजार यांतला फरक चवीवरून सांगता येत नाही. फ्लोराईडला आणि नायट्रेटला तर चवच नसते. फ्लोराईड दीड मिलिग्रॅमच्या आणि नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं तरी पाणी गोडंच लागेल. शिवाय लहानपणापासून हेच पाणी प्यालेल्या जिभेला खारट वाटणंच बंद होतं.

अशा पाण्याशी ज्याचा संबंध जोडला जातो, त्या मूत्रपिंडाच्या आजाराची गोष्ट याहून फसवी. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर मूत्रपिंडांची जवळपास निम्मी क्षमता गेलेली असू शकते. तोपर्यंत माणूस शेतात जातो, फवारणी करतो, बैल हाकतो. फार तर थकवा येतो, आणि थकवा कुणाला येत नाही? पायांवर सूज येऊन तो दवाखान्यात पोचतो, तेव्हा बरेचदा डायलिसिसचीच भाषा सुरू झालेली असते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार-चार तास. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार मोफत झाले तरी खेड्यातून शहरात जायचं भाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी आणि अर्धवट राहिलेली वखरणी कुठल्या योजनेत बसत नाही.

खारपाणपट्ट्यातल्या गावांमधून, शेजारच्या बुलढाण्यातल्या संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांमधून, मूत्रपिंडाच्या आजाराच्या तक्रारी वर्षानुवर्षं येत आहेत. इथं लिहिणाऱ्याला आणि बोलणाऱ्याला एक पथ्य पाळावं लागतं. खारं पाणी प्यायलं की मूत्रपिंड निकामी होतं, असं सरळ समीकरण विज्ञानानं अजून मांडलेलं नाही. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातल्या भातशेती करणाऱ्या गावांत असाच आजार पसरला. आंध्र प्रदेशच्या श्रीकाकुलम जिल्ह्यातल्या उद्दानम भागात आणि मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांतही तो दिसतो. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरीही तरुण शेतकऱ्यांची मूत्रपिंडं जातात. पाण्यातले क्षार, फ्लोराईड, जड धातू, कीटकनाशकं, अंगदुखी दाबायला घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या आणि उन्हात पाण्याविना केलेली मेहनत अशा सगळ्यांवर संशय आहे, पण एकावर बोट ठेवता आलेलं नाही. विदर्भाचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांवर जातो. पाणी घशाखाली उतरत नाही म्हणून माणूस गरजेपेक्षा कमीच पीत असेल, तर तेही तपासायला हवं.

उद्दानमचं उदाहरण बाळापूरसाठी महत्त्वाचं आहे ते एका निर्णयासाठी. नेमकं कारण सापडलेलं नसतानाही तिथं हिरमंडलम जलाशयातून गावोगाव नदीचं शुद्ध पाणी पोचवण्याची सुमारे ७०० कोटींची योजना उभी राहिली. डिसेंबर २०२३ मध्ये तिचं उद्घाटन झालं आणि सोबत पलासा इथं मूत्रपिंड संशोधन केंद्र आणि २०० खाटांचं रुग्णालयही सुरू झालं. दोषी कोण हे ठरायची वाट पाहत बसण्यापेक्षा संशयित पाणी आधी बंद करावं, हा त्यामागचा शहाणपणा.

वऱ्हाडात हा शहाणपणा सरकारदरबारी पोचवण्यासाठी रस्त्यावर उतरावं लागलं. बाळापूर मतदारसंघातल्या ६९ गावांसाठी वान धरणातून पाणी आणणारी, दोनशे कोटींहून अधिक खर्चाची योजना मंजूर झाली होती. राज्यात सत्ताबदल झाल्यावर तिला स्थगिती मिळाली. एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख यांनी अकोल्याहून नागपूरपर्यंत पायी यात्रा काढली. सोबत गावकरी होते आणि टँकरमध्ये त्यांच्या विहिरींचं खारं पाणी होतं. ते पाणी तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या नागपूरच्या घरी न्यायचं होतं. अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालून गेल्यावर नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं.

यात्रेत पक्षाचं राजकारण होतंच. आमदार विरोधी शिवसेनेचे, स्थगिती सत्ताधाऱ्यांची, आणि समोर निवडणुका. पण टँकरातलं पाणी कुठल्या पक्षाचं नव्हतं. भर एप्रिलच्या उन्हात माणसं घरातली कामं टाकून इतकं अंतर चालली ती कुणाच्या झेंड्यापायी, असं म्हणणं त्या माणसांवर अन्याय करणारं आहे. जे पाणी दाखवूनही कुणाला दिसत नव्हतं, ते टँकरात भरून राज्याच्या उपराजधानीपर्यंत न्यायचं, ही कल्पनाच मुळात आंदोलनाच्या भाषेची चांगली जाण दाखवणारी होती.

आणि तरीही ही एकी अपुरी पडली. तिच्यासमोर फक्त सरकार नव्हतं. पूर्णेच्या पलीकडे, तेल्हारा आणि अकोट तालुक्यांतले शेतकरी उभे होते.

वान धरण तेल्हारा तालुक्यात वारी भैरवगडजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. हनुमान सागर या नावानं ते ओळखलं जातं आणि त्यात ऐंशी दशलक्ष घनमीटरच्या वर पाणी मावतं. ते बांधलं गेलं सिंचनासाठी. पुढे त्यावर एकेक नळ बसत गेला. अकोट-तेल्हाऱ्याची ८४ खेडी योजना आली, बुलढाण्याच्या १४० गावांची योजना आली, शहरांच्या मागण्या आल्या, अकोला शहराच्या अमृत योजनेसाठीही वानकडेच बोट दाखवलं गेलं. दर वेळी लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याला सांगितलं गेलं की पिण्याचं पाणी आहे, थोडंच आहे. थोडं थोडं करत आपल्या कालव्याचं काय उरणार, ही त्याची धास्ती खोटी नाही. त्याला स्वार्थी ठरवून प्रश्न सुटत नाही. अशा शेतकऱ्यांपैकी कित्येकांची स्वतःची गावंही खारपाणपट्ट्यातच आहेत आणि त्यांच्या घरातलं पिण्याचं पाणी याच धरणातून येतं.

धोका छुपा असूनही एकी टिकल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यात अ‍ॅनिस्टन नावाचं छोटं शहर आहे. तिथल्या मोन्सँटोच्या कारखान्यात १९७१ पर्यंत पीसीबी ही विषारी रसायनं तयार होत होती. ती ओढ्यात, मातीत आणि शेवटी माणसांच्या रक्तात उतरली. गरीब वस्तीतल्या लोकांना हे कळलं ते फार उशिरा. कळल्यावर ते संघटित झाले, न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये वीस हजारांहून जास्त रहिवाशांच्या दाव्यांवर ७० कोटी डॉलरची तडजोड झाली. छुप्या धोक्याविरुद्ध एकत्र आलेल्या गावांच्या गोष्टी बहुधा अशाच असतात. त्यात एक कंपनी असते, लपवलेली कागदपत्रं असतात आणि शेवटी भरपाई असते.

बाळापूरला अशी सोय नाही. पूर्णेच्या गाळात मीठ कुणी टाकलं नाही. खटला भरावा असा कारखाना नाही, मालक नाही. समोर आरोपी असला की गाव पटकन एक होतं; आरोपी नसला की माणसं शेजाऱ्यात आरोपी शोधतात. ६९ गावांचं भांडण खाऱ्या पाण्याशी होतं, ते पाहता पाहता बाळापूर विरुद्ध तेल्हारा असं झालं. राजकारण्यांनाही ते सोयीचं, कारण दोन तालुके भांडत राहिले की योजना थांबवायला वेगळं कारण लागत नाही.

या भांडणात आकडे फारसे कुणी मांडत नाही. जलजीवन मिशनचं माणशी प्रमाण दिवसाला ५५ लिटर आहे. समजा, या गावांची लोकसंख्या एक लाख धरली. दिवसाला ५५ लाख लिटर, म्हणजे साडेपाच हजार घनमीटर; वर्षाकाठी सुमारे दोन दशलक्ष घनमीटर. गळती आणि वाढती वस्ती धरून हा आकडा दुप्पट केला तरी चार. ऐंशीच्या पुढच्या साठ्यात एवढी तरतूद करण्यासाठी कुणाचं शेत वाळवण्याची गरज नाही. उघड्या कालव्यांतली गळती कमी करून आणि ठिबक वाढवून त्याहून जास्त पाणी लाभक्षेत्रातच वाचू शकतं. पण तसं करायचं तर क्रम नीट हवा. आधी कालव्याचं काम आणि ठिबकचं अनुदान तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याच्या हातात पडलं पाहिजे, मग जलवाहिनी. वाचलेल्या पाण्यातूनच बाळापूरला पाणी दिलं जाईल, असा लेखी करार दोन्ही बाजूंच्या ग्रामपंचायतींसमोर झाला पाहिजे. आजवर उलटं होत आलं. पाण्याचं आरक्षण मुंबईत ठरतं आणि शेतकऱ्याला ते वर्तमानपत्रातून कळतं.

दुसरी उणीव मोजमापाची आहे, आणि ती भरून काढायला मंत्रालयात जावं लागत नाही. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासायचं प्रशिक्षण आणि तपासणी संच देण्याची तरतूद आहे. क्षार, क्लोराईड, फ्लोराईड, नायट्रेट यांचा अंदाज गावातच येऊ शकतो आणि नक्की आकड्यासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो. जिल्हा परिषद वर्षातून दोनदा ग्रामपंचायतींना पाण्याच्या सुरक्षिततेसाठी हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड देते. ते मुख्यतः स्रोताभोवतीची स्वच्छता, गळती आणि ब्लीचिंग पावडरचा साठा पाहून ठरतं. त्यामुळे विहिरीभोवती सिमेंटचा ओटा नीट असला तर खाऱ्या पाण्याचं गावही हिरव्या कार्डाचं मानकरी ठरू शकतं. गॅस्ट्रोच्या साथी रोखायला ही पद्धत उपयोगी आहे, पण खारपाणपट्ट्याचा धोका तिच्या रकान्यात बसत नाही. या पट्ट्यासाठी कार्डावर क्षार, फ्लोराईड आणि नायट्रेट यांचे आकडे छापणं बंधनकारक करावं, ही मागणी कुठल्याही पक्षाला करता येईल.

पाण्यासारखीच माणसांचीही मोजणी हवी. एखाद्या गावात मूत्रपिंडाचे किती रुग्ण आहेत हे आज गावातल्या गप्पांतून कळतं, आणि त्यात अतिशयोक्ती किती नि लपवालपवी किती हे सांगता येत नाही. लघवीतलं अल्ब्युमिन पाहणारी पट्टी आणि रक्तातलं क्रिएटिनिन, या दोन स्वस्त तपासण्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून गावनिहाय झाल्या आणि नोंदी पाण्याच्या आकड्यांशेजारी ठेवल्या, तर दोन-तीन वर्षांत चित्र स्पष्ट होऊ लागेल. कदाचित संशय खरा ठरेल. कदाचित पाण्याइतकीच गोळ्यांची आणि उन्हाची चूक निघेल. दोन्हीपैकी काहीही निघालं तरी गावाचा फायदाच आहे. आणि तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्याला पलीकडच्या तीरावरच्या गावाची खरी अवस्था भाषणाऐवजी कागदावर दिसेल.

दरम्यान पट्ट्यातल्या गावांनी स्वतःपुरती वाट काढली आहे, ती जारची. ग्रामपंचायतीचं आरओ केंद्र, वॉटर एटीएम, नाहीतर खासगी गाडीवर येणारे वीस लिटरचे जार. ज्याच्याकडे पैसे आहेत तो गोडं पाणी विकत घेतो. शेतमजुराचं घर हापशीवर राहतं. म्हणजे धोका तोच, पण वाटणी असमान. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं अतिखारट पाणी पुन्हा नालीत, नालीतून त्याच जमिनीत. जारमधलं पाणी गावाच्या एकीला हळूहळू पोखरतं, कारण ज्यांचा आवाज ग्रामसभेत चालतो त्यांच्या घरचा प्रश्न आधीच सुटलेला असतो.

याहून जुना आणि स्वस्त उपाय छपरावर आहे. अकोल्यात वर्षाला सरासरी साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पन्नास चौरस मीटरच्या टिनाच्या छपरावर तो साडेसदतीस हजार लिटरच्या आसपास भरतो. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दिवसाला चाळीस लिटर धरले, तर पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांना दहा हजार लिटर पुरतात. अहमदाबादच्या पोळांमधल्या, म्हणजे जुन्या वस्त्यांतल्या, घरांखाली पावसाचं पाणी साठवणारे टांके आहेत. पोरबंदरला गांधीजींच्या वाड्यातही पावसाच्या पाण्याचं टाकं आहे. खाऱ्या जमिनीवर राहणाऱ्या गुजरातनं हे शतकांपूर्वी ओळखलं. वऱ्हाडात शेततळ्याला अनुदान आहे, तसं खारपाणपट्ट्यातल्या प्रत्येक घराच्या टाक्याला द्यायला हरकत नाही. यानं धरणाची गरज संपणार नाही, पण जलवाहिनी येईपर्यंतची वर्षं निभावतील.

जलजीवन मिशनची मुदत आता २०२८ पर्यंत वाढवली आहे. महाराष्ट्रात वर्षातून चार ग्रामसभा होतात. त्यापैकी पुढच्या एका सभेत बाळापूर, अकोट आणि तेल्हारा या तिन्ही तालुक्यांतल्या गावांनी एकच ठराव एकाच मसुद्यानं घेतला, पाण्याचे आकडे फलकावर लावायचे ठरवले आणि वानच्या वाटपासाठी संयुक्त समिती मागितली, तर स्थगिती देणाऱ्यालाही दोन तालुक्यांचं भांडण पुढे करता येणार नाही. बाळापूरकरांनी पुन्हा यात्रा काढायची ठरवलीच, तर ती आधी उत्तरेला, पूर्णा ओलांडून तेल्हाऱ्याकडे न्यावी. सोबत विहिरीच्या पाण्याचा टँकर असू दे, तपासणीचे कागद असू देत आणि तेल्हाऱ्याच्या कालव्याच्या दुरुस्तीची मागणीही असू दे. ही वाट नागपूरच्या वाटेपेक्षा कितीतरी जवळची आहे.